खिल्लारखान्याच्या हौदातील चिनी मासे

श्रीमत्स्यरूपी नारायण प्रसन्न. ज्याने प्रळयकाळी अथांग उदकात शिंग वर करोन जगाची नौका ओढिली आणि श्रम जाहले ऐसे कोणापाशी बोलिला नाही, त्यास प्रथम नमन. त्यामागे कुलस्वामिनीस, त्यामागे सज्जन श्रोत्यांस. एक राज्य होते. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, म्हणोन लिहिले नाही. दोन नद्यांमधील पठारावर एक गड, गडाखाली पेठ, पेठेबाहेर सरकारी बैलांचा खिल्लारखाना, इतके कळले म्हणजे पुरे. शके सोळाशे पंचाहत्तर, श्रीमुखनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी त्या राज्यी टोपीकरांचा वकील तहाचे बोलणे घेवोन आला आणि त्याने नजराणा गुजराणिला. त्यात बिलोरी आरसे, मखमल, एक चालते घड्याळ, आणि सर्वांच्या शेवटी एक कांचेची बरणी, तीत बोटाएवढे शेंदरी मासे. वकील दुभाष्याकरवी बोलिला जे, हे चीन देशीचे मासे, तेथील पातशहा हे बागेत पाळितो, हे खावयाचे नव्हेत, पाहावयाचे. महाराज हसोन म्हणाले, 'मासे पाहावयास टोपीकरांची वाट कशास पाहावी? आमच्या नदीत थोडे आहेत काय?' आणि दरबार हसला. परंतु महाराजांची एकुलती कन्या राजसबाई, जिला अवघे ताईसाहेब म्हणत, ती तेव्हा सहा वर्षांची असोन महाराजांच्या मांडीशी बैसली होती. ती उठोन बरणीपाशी गेली आणि कांचेस नाक लावोन बैसली, ती दरबार बरखास्त जाहला तरी उठेना. मग महाराजांनी बरणी तिला दिली आणि ती दोहों हाती उराशी धरोन वाड्यात गेली.

तिच्या मातोश्री भिवराबाईसाहेब. ही हकीगत त्यांचीच आहे, म्हणोन त्यांचा स्वभाव आधी सांगावा लागतो. बाईसाहेब थोर घराण्याच्या लेक, करारी आणि नेटक्या, वाड्यात एक काडी आडवी पडलेली त्यांस खपत नसे, आणि माया त्यांस नव्हती ऐसे नाही, परंतु ती दाखवावी कशी हे त्यांस कोणी शिकविले नव्हते. लेकीचे केस त्या आपल्या हाताने विंचरीत आणि विंचरताना तिच्या चुका सांगत. मासे पाहोन बाईसाहेब म्हणाल्या, 'दोन दिवसांत मरतील, मग रडत बसू नको.' मासे मेले नाहीत. मासे वाढले. बरणीतून घंगाळात गेले, घंगाळ पुरेना तेव्हा बागेतील कमळांच्या हौदात गेले, आणि तेथे वितीवितीएवढे जाहले आणि कमळांचे कंद उकरोन खाऊ लागले. मग चैत्रातील हळदीकुंकवाचे दिवशी सरदारांच्या बायका बागेत जमल्या असता हौदातील गाळ कारंज्याच्या नळीत जावोन बैसला, कारंजे उडेना, आणि उडाले तेव्हा काळे उडाले, आणि मानाच्या सुवासिनींची पातळे भिजली. बाईसाहेबांनी अवघ्यांच्या ओट्या भरोन त्यांस वाटे लाविले. बायका गेल्यावर हुकूम केला, 'सांजेच्या आत हे मासे बागेत दिसू नयेत. कोठे न्यावयाचे ते न्या.' ताईसाहेब अन्न टाकोन बैसली. महाराज मध्ये पडले नाहीत, कारण वाड्याच्या आतील कारभारात ते पडत नसत.

तेव्हा खिल्लारखान्याचे दारोगे सुभानजी धायगुडे वाड्यावर आले. हे जातीचे धनगर, वयाने प्रौढ, तोफा ओढणाऱ्या बैलांचे पालनपोषण यांजकडे. त्यांनी अदबीने अर्ज केला जे, खिल्लारखान्याचा हौद दगडी आहे, थोर आहे, मोटेचे पाणी रोज नवे पडते, बैल पाणी पितात त्याजखेरीज तेथे कोणाचा उपद्रव नाही, आज्ञा जाहल्यास मासे तेथे नेतो. बाईसाहेब म्हणाल्या, 'गुरांच्या हौदात न्या की डबक्यात न्या, मजला पुसो नका.' मग मासे खिल्लारखान्यात गेले. आरंभी बैलांनी पाण्यात तोंड घातले की मासे तळाशी दडत, आणि माशाने पाणी हलविले की बैल मान वर करोन फुरफुरत. मग उभयतांची ओळख पडली. बैलांच्या तोंडास लागलेली पेंड पाण्यात गळे, ती मासे खात. हौदाच्या भिंतीस शेवाळ धरे, तेही खात. डासांची पिले खात. आणि हौदाचे पाणी ऐसे निवळ जाहले जे तळाचा दगड दिसावा. सुभानजींनी अर्ध्या हौदावर तागाची जाळी घातली, म्हणजे बगळ्यांचे भय नको, आणि उन्हाळ्यात पळसाच्या डहाळ्यांचा मांडव घातला. मासे वाढत वाढत हातभर जाहले. ताईसाहेब मेण्यात बैसोन रोज सकाळी तेथे जात असे आणि कणकेच्या गोळ्या हाताने चारीत असे, आणि बैल व मासे एका काठाशी येत. वाड्यात तिचे हसणे कोणी फारसे ऐकिले नाही. जे काही हसली ती तेथेच हसली, ऐसे सुभानजी पुढे सांगत.

मग शके सोळाशे एक्याऐंशी, प्रमाथीनाम संवत्सरी ताईसाहेबांचे लग्न नदीपार उत्तरेकडील एका मातबर सरदाराच्या घरी जाहले. सोहळा यथास्थित जाहला. पाठवणीचे दिवशी बाईसाहेब पेटारे भरविण्यात गुंतल्या होत्या, तेव्हा ताईसाहेब येवोन मागे उभी राहिली आणि म्हणाली, 'आईसाहेब, माशांकडे आपण अधूनमधून जात जाल ना?' बाईसाहेब पेटाऱ्यातून मान न काढता म्हणाल्या, 'जाईन.' आणि ताईसाहेब गेली, आणि बाईसाहेब माशांकडे गेल्या नाहीत. आज जाऊ उद्या जाऊ म्हणता राहिले. शिवाय राणीने शेणामुतात जावे हे त्यांस प्रशस्त वाटेना. सासरहून जासूद महिन्यामहिन्यास तोंडी कुशल घेवोन येई, सासरच्यांचा मान, सणवार, देवदर्शन, अवघे सांगे, आणि शेवटी म्हणे, 'ताईसाहेब पुसतात, मासे कसे आहेत?' बाईसाहेब म्हणत, 'बरे आहेत म्हणोन सांग.' जासूद मुजरा करोन जाई. ऐसी तीन वर्षे गेली.

चौथ्या वर्षी ताईसाहेब गरोदर राहिली. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे म्हणोन बाईसाहेबांनी खोली सारविली, सुईण ठरविली, डिंक आणि सुंठ आणविली. परंतु त्या वर्षी उत्तरेकडे दंगा माजला, वाटा बंद जाहल्या, आणि भरल्या दिवसांची लेक फौजांमधून आणावी कशी म्हणोन राहिले. जासूद मात्र आडरानाने आला. अवघे कुशल सांगोन म्हणाला, 'ताईसाहेबांनी या खेपेस निराळे सांगितले आहे. म्हणतात, थोरली मासोळी आता केवढी जाहली त्याचे माप आईसाहेबांनी हाताने दाखवावे. तेच माप तू येवोन मला दाखव.' बाईसाहेबांस अवघडल्यासारखे जाहले. मासे खिल्लारखान्यात गेल्यापासोन त्यांनी मासोळी पाहिली नव्हती. तरी दोन्ही हात पुढे केले, मध्ये अंतर धरिले, आणि म्हणाल्या, 'एवढी.' जासूदाने ते माप नीट पाहोन घेतले, आपल्या हातांनी एकदा धरोन दाखविले, आणि गेला.

तो परत आला तेव्हा पागोट्याचे टोक सोडोन आला. ताईसाहेब प्रसूत होता होता वारली, आणि मूलही गेले. महाराज तक्क्यास टेकले ते उठेनात. वाड्यात आकांत जाहला, परंतु बाईसाहेब रडल्या नाहीत. त्यांनी बायांस गप्प केले आणि जासूदास पडद्यापाशी बोलाविले आणि पुसले, 'तू गेलास तेव्हा शुद्धीवर होती?' जासूद म्हणाला, 'होय.' 'माप दाखविलेस?' 'दाखविले.' 'मग काय बोलली?' जासूद पागोट्याचे सुटे टोक चाळवो लागला. बाईसाहेबांनी पुन्हा पुसले. तेव्हा तो भुईकडे पाहोन म्हणाला, 'ताईसाहेब हसल्या. म्हणाल्या, एवढी तर मी निघाले तेव्हाच होती. आणखी काही बोलल्या नाहीत.' बाईसाहेब म्हणाल्या, 'बरे. तू जेवोन जा.' आणि आत गेल्या.

सुतक फिटल्यावर बाईसाहेबांनी मेणा मागविला आणि खिल्लारखान्यात चला म्हणोन सांगितले. सुभानजींची धांदल उडाली, कनाती लावाव्या तर कनाती कोठे, शेवटी घोंगड्या बांधोन आडोसा केला. बाईसाहेब मेण्यातून उतरोन हौदापाशी गेल्या. पाण्यात काही हलले आणि वर आले, आणि त्या पाहतच राहिल्या. त्यांनी हातांनी दाखविले होते त्याच्या दुपटीहून मोठी मासोळी, अंग शेंदरी, कपाळावर काळा डाग, ओठ हालवीत काठाशी आली आणि इतरांस अंगाने बाजूस सारोन पुढे राहिली, कारण काठाशी कोणी बाई उभी राहिली म्हणजे काही मिळते हे तिला ठाऊक होते. बाईसाहेबांच्या हातात काही नव्हते. सुभानजींनी मागून कणकेचा गोळा पुढे केला. बाईसाहेबांनी तो पाण्यात धरिला, आणि मासोळीचे तोंड बोटांस लागले, मऊ, दात नसलेल्या लेकरासारखे. मग त्यांनी पुसले, 'ताई हिला काही नावाने हाक मारीत असे?' सुभानजी म्हणाले, 'अवघ्यांस नावे होती, बाईसाहेब.' 'हिचे काय?' सुभानजी म्हणाले, 'लेकराचे खेळ. नाव पुसो नये.' बाईसाहेब म्हणाल्या, 'सांगा.' तेव्हा सुभानजी खाली मान घालोन म्हणाले, 'ताईसाहेब हिला आईसाहेब म्हणत. म्हणत की ही अवघ्यांस ढकलोन पुढे येते, आणि अवघ्यांचे खाऊन जाहले की नाही ते पाहिल्यावाचोन खाली जात नाही.' हे ऐकोन बाईसाहेब हौदाच्या काठावर बैसल्या. बैलांच्या लाळेने ओला काठ, त्यावर राणीचे पातळ. आणि इतके दिवस जे आले नव्हते ते तेथे आले. सुभानजी पाठ फिरवोन बैलांकडे गेले आणि बराच वेळ बैलांतच राहिले.

त्या दिवसापासोन बाईसाहेब रोज सकाळी तेथे जाऊ लागल्या. दरबारी कुजबुज जाहली, कारभारी विसाजीपंत यांनी महाराजांच्या कानी घातले जे, हे रीतीस सोडोन होते. महाराज म्हणाले, 'ज्या वाटेने तिचे दुःख जाते त्या वाटेने जाऊ द्या.' बाईसाहेब तेथे सुभानजींकडोन लेकीच्या गोष्टी ऐकत. ती कोणत्या बैलाच्या शिंगास फूल बांधी, एकदा हौदात पडोन कशी भिजली आणि वाड्यावर कळू नये म्हणोन उन्हात कशी बैसली. सोळा वर्षांची लेक गेल्यावर तिची ओळख आईस होऊ लागली. मासे अवघे सात होते, त्यांची नावे बाईसाहेबांस पाठ जाहली. उन्हाळ्यात मासे वर येवोन तोंड वासो लागले तर त्या मोटकऱ्यास सांगत, 'पाणी उंचावरोन पडू दे, त्यास वारा लागू दे.' हे त्या सुभानजींपासोन शिकल्या होत्या.

मग शके सोळाशे शहाऐंशी आले. संवत्सराचे नाव तारण, आणि त्यात तरले कोणी नाही. भाद्रपदात बुळकांडीचा रोग पूर्वेकडोन आला आणि बैल मरो लागले. डोळ्यांस पाणी, तोंडास फेस, मग पोट सुटे, मग बैल गुडघे टेकी, आणि टेकलेला बैल उठत नसे. पेठेत मेले, खेड्यांत मेले, मग खिल्लारखान्यात शिरले. तोफा ओढावयाचे बैल, एकेकास लेकरासारखे वाढविलेले, सुभानजी रात्रंदिवस त्यांच्यात, आणि मेलेला बैल ओढोन नेताना ते त्याच्या पाठीवरोन हात फिरवीत चालत. उत्तरेस दंगा निवला नव्हता. बैल गेले तर तोफा गडावरच राहतील आणि गनीम पेठेपर्यंत येईल, हे भय राज्यात पसरले. वैद्यांनी मसलत दिली जे, खिल्लारखान्याचा हौद उपसावा, चुन्याने धुवावा, आणि मोरचुदाचे पाणी भरोन बैलांची तोंडे व खूर त्यात धुवावे. विसाजीपंत हुजूर येवोन म्हणाले, 'महाराज, चुन्यात आणि मोरचुदात मासा जगत नाही. आणि लोक तर म्हणतात, परमुलखीचे मासे गुरांच्या पाण्यात ठेविले तेथूनच रोग निघाला.' महाराज म्हणाले, 'रोग पूर्वेकडोन आला. तेथे कोणाच्या हौदात मासे होते?' विसाजीपंत म्हणाले, 'ते मजला कळते. लोकांस कोण सांगेल?' महाराजांनी बाईसाहेबांस शब्द दिला होता जे, माशांस कोणी हात लावणार नाही. म्हणोन हुकूम जाहला की, दुसरा हौद बांधावा. परंतु हौद बांधावयास दिवस लागतात, आणि बैल दिवस देत नव्हते.

बाईसाहेब दुसरे दिवशी खिल्लारखान्यात गेल्या तेव्हा अर्धी दावण रिकामी होती. सुभानजी एका तांबड्या बैलाचे डोके मांडीवर घेवोन बैसले होते, उठो लागले, तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, 'उठो नका.' मग त्या जवळ उभ्या राहोन म्हणाल्या, 'सुभानजी, खरे सांगा. माशांनी रोग आणिला?' सुभानजी म्हणाले, 'मजला ठाऊक नाही. मासे आले तेव्हापासोन पाणी निवळ आहे, हे डोळ्यांनी पाहिले. बैल मरतात, हेही डोळ्यांनी पाहतो. यापलीकडे मजला काही कळत नाही.' बाईसाहेब म्हणाल्या, 'मग तुम्ही हौद उपसा ऐसे एकदाही का बोलिला नाही?' सुभानजी म्हणाले, 'ती ताईसाहेबांची ठेव. माझ्या तोंडोन कैसे निघावे?' मग बाईसाहेबांनी पुसले, 'पेठेत काय बोलतात? पंतांनी सांगितले तितकेच, की आणखी आहे?' सुभानजी बैलाच्या कानावरची माशी उडवीत राहिले. बाईसाहेब म्हणाल्या, 'मी विचारिते.' तेव्हा ते म्हणाले, 'ओंगळ बोलणे आहे.' 'असो.' 'बाईसाहेब, लोक म्हणतात, ताईसाहेब बाळंतपणी गेल्या, त्यांचा जीव माशांत गुंतला. त्या हौदात राहतात आणि बैल नेतात. सांजेस बायका लेकरांस या वाटेने येऊ देत नाहीत. ज्यांचे बैल गेले ते घराच्या उंबऱ्यावर उभे राहोन... नाव घेवोन शिव्या देतात.'

बाईसाहेब हौदाकडे पाहत राहिल्या. पाण्यावर मासे आले होते, थोरली पुढे, आणि काठावर कोणी काही टाकील म्हणोन वाट पाहत होते. लेकीचे जे काही पृथ्वीवर उरले होते ते इतकेच. आणि तेच राखावे तर लेक घरोघरी जाखीण म्हणोन राहते. बाईसाहेबांनी पुष्कळ वेळ विचार केला ऐसे नाही. त्या म्हणाल्या, 'हौद उपसा.' सुभानजी म्हणाले, 'महाराजांचा शब्द आहे.' बाईसाहेब म्हणाल्या, 'शब्द मजला दिला आहे, मी परत देते. मासे नदीच्या डोहात सोडू. आज तिसरे प्रहरापूर्वी, आणि मी बरोबर येते, म्हणजे पेठेने पाहावे की कोण गेले आणि कोण घेवोन गेले.'

मग मोठाले हंडे आणविले, कावडी आणविल्या, आणि मासे ओल्या घोंगडीत धरोन एकेक हंड्यात घातले. थोरली कोणत्याही हंड्यात मावेना, शेपूट बाहेर राही. तेव्हा बाईसाहेबांनी आपला मेणा पुढे आणविला, आतील गाद्या काढविल्या, वाड्यातील स्नानाचे थोर घंगाळ आत ठेविले आणि मासोळी त्यात घातली. भोई एकमेकांकडे पाहो लागले. बाईसाहेब म्हणाल्या, 'उचला.' आणि मेणा निघाला, आणि राणी मेण्यामागे पायी निघाली, डोईवर पदर, एक हात आत घंगाळात, पेठेच्या भर रस्त्याने, दिवसाढवळ्या. दुकाने थांबली. लोक ओट्यांवर उभे राहिले. ज्यांनी राणीचा चेहरा जन्मात पाहिला नव्हता त्यांनी पाहिला. कोणी मुजरा केला, कोणी करावयाचे विसरला, आणि एक म्हातारी, जिचे दोन्ही बैल गेले होते, ती वाटेत आडवी उभी राहिली. बाईसाहेब थांबल्या. म्हातारी म्हणाली, 'नेता का त्यांना?' बाईसाहेब म्हणाल्या, 'नेते.' म्हातारी बाजूस जाहली, आणि म्हणाली, 'माझीही लेक अशीच गेली, बाई.' बाईसाहेबांनी तिच्याकडे पाहिले, आणि पुढे चालल्या.

ऊन कडक होते आणि वाट दगडांची. वाटेत दोन मासे हंड्यात उलथले आणि गेले. ते करंजाच्या झाडाखाली पुरिले. बाकीचे डोहापर्यंत पोचले आणि हंडे कलंडताच पाण्यात जावोन दिसेनासे जाहले. थोरली मात्र घंगाळातून काढिली तेव्हा कुशीवर पडली, कल्ले हलेनात. सुभानजी म्हणाले, 'दमली. उभी धरावी लागेल.' आणि ते पाण्यात उतरणार तों बाईसाहेबच उतरल्या, कंबरभर पाण्यात गेल्या, आणि दोन्ही हात मासोळीच्या पोटाखाली घालोन तिला उभी धरोन राहिल्या, जैसे न्हाऊ घालताना तान्ह्यास धरितात तैसे. पाणी थंड होते. काठावर सर्व उभे. बाईसाहेब तिला हळूहळू पुढे मागे हालवीत होत्या आणि तोंडाने काही बोलत होत्या. काय, ते कोणास ऐकू गेले नाही. मग कल्ला एकदा हलला. मग पुन्हा हलला. मग अंगात जोर आला आणि मासोळी हातांतून निघाली, आणि बाईसाहेबांचे हात तैसेच पाण्यात राहिले. मग सुभानजींनी हाक दिली तेव्हा बाहेर आल्या.

हौद उपसिला, चुन्याने धुतला, मोरचूद घातले. बैल तरी मरतच राहिले. कार्तिक सरता सरता रोग आपोआप पश्चिमेकडे निघोन गेला, जैसा आला तैसा. थोडे बैल वाचले, दंगा दुसरीकडे वळला, राज्य तगले. एके दिवशी महाराज बाईसाहेबांस म्हणाले, 'मासे उगाच गेले. कारण त्यांचे नव्हतेच.' बाईसाहेब म्हणाल्या, 'ठाऊक होते. परंतु हौद रिकामा जाहल्यानंतर जे बैल मेले, त्यांस ताईने नेले ऐसे कोणी म्हणाले नाही. मजला तितकेच हवे होते.' महाराजांनी त्यांचा हात धरिला. पुष्कळ वर्षांनी धरिला.

बाईसाहेब त्यानंतर खिल्लारखान्यात जात, परंतु हौदापाशी जात नसत; वाचलेल्या बैलांस पेंड घालोन परत येत. ऐसी दोन वर्षे लोटली. मग एके सकाळी डोहाखालच्या गावचा एक मासेमारी करणारा भोई, नाव धोंडू, डोईवर टोपली घेवोन वाड्याच्या दारी आला आणि म्हणाला, 'खाशांकरिता नजर आणिली आहे.' त्यास आत घेतले. त्याने केळीचे पान दूर केले. आत शेंदरी मासा, दोन हातांएवढा, कपाळावर काळा डाग, मेलेला, धुवोन नीट मांडिलेला. धोंडू आनंदाने म्हणाला, 'जाळ्यात हा निघाला. असा मासा आमच्या चुलीला शोभत नाही, राजाच्या घरी शोभेल, म्हणोन पहाटेच निघालो.' त्यास काही ठाऊक नव्हते. विसाजीपंतांचा चेहरा उतरला, ते पुढे होवोन काही बोलणार तों पडद्यामागोन बाईसाहेब म्हणाल्या, 'पंत, थांबा.' मग धोंडूस म्हणाल्या, 'चांगला आणिलास. डोहात हा एकटाच होता?' धोंडू म्हणाला, 'हा एकटा मोठा, बाईसाहेब. बाकी बारके आहेत, तांबडे, पांढरे, झुंडीच्या झुंडी. उन्हाला वर येतात तेव्हा पाण्यात फुले पडल्यासारखी दिसतात. आमची पोरे बघत बसतात.' विसाजीपंत हळू आवाजात म्हणाले, 'आज्ञा असेल तर त्या डोहात कोणी जाळे घालू नये म्हणोन ताकीद देतो.' बाईसाहेब म्हणाल्या, 'मग भोयांनी काय खावे? राहू द्या.' धोंडूस धोतरजोडी आणि पागोटे देवविले आणि म्हणाल्या, 'मासा घरी ने. लेकरांस घाल. आणि काटे काढोन घाल, त्यास फार असतात.' धोंडू संतोषाने मुजरा करोन गेला. त्या दिवशी बाईसाहेब जेवल्या नाहीत; दुसरे दिवशी जेवल्या.

येणेप्रमाणे माशांचे वर्तमान. राज्य पुढे दुसऱ्यांच्या हाती गेले, गड पडला, खिल्लारखान्याचे दगड लोकांनी घरांस नेले. भिवराबाईसाहेब म्हातारपणी वारल्या. सुभानजी त्यांच्या आधी वारले. ताईसाहेबांचे नाव त्या मुलखात कोणी वाईट शब्दाने घेत नाही. चांगल्याही घेत नाही, कारण आता ते कोणास ठाऊक नाही. डोहात मासे आहेत. कोणी आणिले, कधी आणिले, भोयांची पोरे पुसत नाहीत. लेखकाने जैसे वृद्धांच्या तोंडी ऐकिले तैसे लिहिले. अधिकउणे जाहले असेल ते श्रोत्यांनी सांभाळोन घ्यावे. लेखन समाप्त.